पेटीतलं पाणी

कार्तिकातली सकाळ आमच्या तांड्यावर घाईने येत नाही. आधी पलीकडच्या माळाची कड करडी होते. मग धरणाच्या फुगवट्यावरचं धुकं हळूहळू विरतं, आणि ऊन टिनाच्या कडेवरून उतरून अंगणात येतं. वेचून ठेवलेल्या कापसावर, शेळ्यांच्या पाठीवर, उंबऱ्यावर, आणि शेवटी कोपऱ्यातल्या निळ्या पेटीवर येऊन थांबतं. रोजचंच ऊन.

तरीही मी त्याला भितो.

पुढचं सारं घडलेलं आहे. कुणाला पटावं असा माझा आग्रह नाही. मला मात्र ते नाकारता आलेलं नाही. कळमनुरी तालुक्यातला आमचा तांडा, मागच्या वर्षीचा कार्तिक.

माझा थोरला भाऊ ओमप्रकाश नावेतून माणसं पलीकडच्या काठाला सोडायचा. नावेला बॅटरीवरची मोटार होती. बॅटरी निळ्या प्लास्टिकच्या पेटीत असे. टोकांना ग्रीस, झाकणाभोवती सायकलच्या ट्यूबचा ताणलेला पट्टा. संध्याकाळी पेटी त्याच्या खांद्यावरून घरी येई आणि पाटावर ठेवली जाई. जमिनीवर कधीच नाही.

एका सोमवारी दुपारी नाव रिकामी तरंगताना सापडली. पेटीचं झाकण उघडं. बॅटरी भिजलेली.

ओमप्रकाश नव्हता.

"पोहून पलीकडं गेला असंल," मी सगळ्यांना सांगितलं. आईने, आम्ही तिला याडी म्हणतो, माझा हात घट्ट धरला.

"बराबर पोहायचा ना?" शेजारच्या उत्तमसिंगकाकांनी विचारलं. "म्या तर त्याला कधी पाण्यात उतरताना पाह्यलं न्हाई."

"व्हय काका. बराबर."

म्हणून सगळी माणसं पलीकडच्या काठाला शोधू लागली.

मी बॅटरी पुसली, वाळवली, चार्ज केली. पेटी आवळून पाटावर ठेवली.

मंगळवारी पेटीवर ऊन आलं. मी पट्टा सोडला...

आत पाणी होतं. टोकांपर्यंत. गार, गढूळ, तळाशी बोटभर गाळ.

पाट कोरडा होता. जमीन कोरडी होती.

"काहून पाणी भरलंस रे?" याडीने विचारलं.

"म्या न्हाई भरलं."

"मग काय पेटी विहिरीवर जाऊन आली?" काका म्हणाले. कुणी हसलं नाही.

पाणी ओतलं, पेटी नावेत ठेवली, आणि काका नि मी पलीकडे शोधायला निघालो. ती बॅटरी चालायला नको होती. ती चालली.

फुगवट्याच्या मध्यावर एका बुडालेल्या बाभळीचा शेंडा दिसतो. तिथे मोटार आपोआप थांबली...

वारा नव्हता. नावेच्या कडेला लागणारं पाणीही गप्प झालं.

"इथं गळ टाकून बघू का?" काका हळू बोलले.

"न्हाई. तो पलीकडं हाय."

मी वल्हं मारत राहिलो.

बुधवारी पेटीभोवती दुहेरी प्लास्टिक होतं. पुन्हा पाणी. पुन्हा तीच बाभळ.

त्या रात्री मी पेटी मांडीवर घेऊन उजाडेपर्यंत बसलो. पट्टा माझ्या मुठीत होता. ऊन आलं तेव्हा माझे कपडे कोरडे होते. पेटी मात्र जड झाली होती...

झाकणाच्या आतल्या बाजूवर ग्रीसचे चार ओरखडे होते. चार बोटांचे. आतून ओढलेले.

काकांनी झाकण उन्हाकडे धरलं. "पोरा, तो काही तरी सांगून राहिला. बाभळीपाशी गळ टाकू दे मला."

मी त्यांचे पाय धरले. "टाकू नका काका. तो पलीकडं सापडंल, याडी त्याच आशेवर हाय. अजून दोन दिवस थांबा."

ते थांबले. नंतर गळाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

वर्ष झालं. याडी अजून पलीकडच्या काठावर जाते, येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचा फोटो दाखवते. नाव आम्ही विकली, बॅटरीही दिली. रिकामी पेटी पाटावर आहे. सकाळी उघडली की भरलेली असते. हे कसं होतं, मला कळलेलं नाही.

मला एवढंच ठाऊक होतं, आणि ते फक्त मलाच ठाऊक होतं. उतारू नावेत बसणार नाहीत, याडी नाव चालवू देणार नाही, म्हणून त्याने ते सगळ्यांपासून लपवलं होतं.

ओमप्रकाशला पोहता येत नव्हतं.