लोटूमामाचे तीन ठोके

खोटं कशाला सांगू, मी त्या दिवशी फक्त आबांचा, म्हणजे वडिलांचा, डबा द्यायला गेलो होतो. नवागामातल्या आमच्या खोलीपासून ते कामाला होते तो कापडाच्या लूमचा कारखाना दहा मिनिटांवर. श्रावणातल्या कानबाईच्या मिरवणुकीसाठी मला नवा ठेका हवा होता, म्हणून डबा ठेवता ठेवता लूमची खटखट मोबाइलवर भरून घेतली.

माझी पद्धत अशी : आवाज संथ करायचा, उलटा फिरवायचा, जे निघेल ते पुन्हा रेकॉर्ड करायचं आणि त्यावर पुन्हा तेच. याला रिसॅम्पलिंग म्हणतात. माय म्हणते, उकळलेला चहा परत उकळतोस. म्हणू दे.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी हेच करत बसलो होतो, तर चौथ्या फेरीत खटखटीखाली तीन ठोके ऐकू आले. लोखंडावर लोखंड. थोडं थांबून परत तीन. मी ते पुसले. पाचव्या फेरीत ते मोठे झाले. सातव्या फेरीत खटखट विरून गेली आणि उरले नुसते ठोके...

शेजारी खाटेवर आबा झोपले होते. तीस वर्षं लूमवर काढून त्यांचे दोन्ही कान गेलेत. उशाशी ढोल बडवला तरी कूस बदलत नाहीत. ते उठून बसले.

"कोन ठोकी ऱ्हायनं रे?"

मी स्पीकर दाखवला. त्यांनी त्यावर तळहात ठेवला आणि त्यांचा चेहराच पडला.

"हाऊ लोटू शे..."

लोटूमामा आबांच्या शेजारच्या लूमवर होते. गळ्यातला रुमाल पट्ट्यात अडकून गेले, एवढंच मला माहीत होतं. बाकीचं आबांनी तेव्हा सांगितलं, माझ्याकडे न बघता. कारखान्यात बोललेलं कळत नाही, म्हणून पान्यानं लोखंडावर ठोकतात. तीन म्हणजे स्विच बंद कर. दोन म्हणजे ऐकलं. मामा ठोकत राहिले. पलीकडच्या रांगेतले धावत येईपर्यंत उशीर झाला. आबा अगदी जवळ, पाठ करून उभे होते. त्यांचे कान तेव्हाच गेले होते, पण काम सुटेल म्हणून त्यांनी ते लपवलं होतं.

आबांनी स्पीकरवर बोटानं दोनदा ठोकलं. ठोके थांबले. मला वाटलं, संपलं. आजपासून लोटूचंच मशीन आपल्याकडे दिलंय, एवढं सांगून आबा संध्याकाळच्या पाळीला गेले.

मग मी मूळ रेकॉर्डिंग लावलं, डबा देतानाचं. त्यात आता ठोके होते. तीन... परत तीन... आणि प्रत्येक ठोक्याबरोबर आबांच्या हातातलं कडं किणकिणत होतं. हे ठोके लोटूमामाचे नव्हते.

फोन करून उपयोग नव्हता. मी अनवाणी पळालो.

मशीन बंद होतं. आबा खाली बसलेले, अर्धा रुमाल गळ्यात, अर्धा पट्ट्यात. स्विचपाशी कुणीच नव्हतं. कुणी बंद केलं, मी खुणेनं विचारलं.

"मी तीन ठोकात," आबा म्हणाले. "मंग... माले दोन ऐकू उनात."

आता त्यांनी काम सोडलंय. मी त्या फाइली पुसून टाकल्या, मिरवणुकीत जुनाच ठेका वाजवला. पण रोज दुपारी आबा झोपेत खाटेच्या लोखंडावर बोटानं दोनदा ठोकतात, थांबतात, परत दोनदा ठोकतात. मी शेजारीच बसलेला असतो. माझे कान चांगले आहेत, आणि मला त्याआधी काहीच ऐकू आलेलं नसतं.