भामरागडहून उत्तर नाही

गडचिरोलीच्या बसस्टँडवर दिव्यानी चंद्रपूरच्या बसची वाट बघत बसली होती. एका तरुणानं येऊन सरळ तिच्या हातात एक जड खोकं दिलं.

“मॅडम, जरा धरता का? रुमाल टाकून जागा पकडून येतो.”

खोक्यावर लिहिलं होतं – भामरागड. अक्षर दिव्यानीचंच होतं!

तो परतला, तेव्हा तिनं साळसूदपणे विचारलं, “काय हाय यात?”

“पूर आला का गावागावात आपोआप फोन करनारी मशीन. चंद्रपूरच्या एका बाईनं बनवली म्हन्ते.”

“चालन का?”

“बाईनं पूर पाह्यला असन, त चालन.”

“नाई पाह्यला...” ती हसली. “ती बाई मीच.”

तो तरुण, निकेश, कानापर्यंत लाल झाला.

मग त्याची बस सुटेपर्यंत ती सांगत राहिली. एका संस्थेसाठी ती सर्व्हर बनवत होती. सात गावांतल्या मशीनांना तो फोनची कामं वाटून द्यायचा आणि कुठला फोन उचलला गेला, कुठला राहिला, यावर लक्ष ठेवायचा. भामरागडची मशीन निकेश सांभाळणार होता. माडिया बोलीतला निरोपही त्याच्याच आवाजात होता.

“अन् मशीनच बंद पडली त?” त्यानं विचारलं. “पुरात सगळ्यात आधी लाईट जाते आमच्या इथी.”

तिनं प्रश्न तळहातावर लिहून घेतला. चंद्रपूरला पोचल्यावर तिनं उत्तर शोधलं – मशीन दहा मिनिटं गप्प राहिली, तर सर्व्हरनं तिचं काम दुसरीला द्यायचं. चाचणीसाठी ती रोज निकेशला फोन करू लागली. चाचणी लवकर आटपायची... बोलणं मात्र तासभर चालायचं.

ऑगस्टमध्ये, भर दुपारी, पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली. भामरागडची मशीन गप्प झाली. सर्व्हर दहा मिनिटं थांबला, मग भामरागडकडच्या चौदा गावांचे फोन त्यानं एटापल्लीच्या मशीनला दिले. निकेशच्या आवाजातला निरोप ऐकून माणसं गुरंढोरं घेऊन उंचावर गेली. संध्याकाळी ऑफिसात टाळ्या वाजल्या. दिव्यानी मात्र कानाला फोन लावून उभी होती. निकेशचा फोन लागत नव्हता.

एक दिवस गेला. दोन. तीन.

चौथ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला.

“मॅडम... मशीन वाहून गेली. आईले खांद्यावर घेतलं, मंग मशीन उचलाले हातच नाई उरला. माफ करजा.”

“मशीनचं इचारलं का मी?” ती म्हणाली. “सर्व्हरनं दहा मिनिटांत तुमचं काम दुसऱ्याले देल्लं, निकेश. मले... मले नाई जमलं तसं.”

“घरबी नाई राह्यलं, दिव्यानी.” पहिल्यांदाच त्यानं तिचं नाव घेतलं. “अंगावरचा सदराबी दुसऱ्याचा हाय. अशा मानसासंगं...”

“रस्ता कधी सुरू होईन?”

“आठक दिवसानं. काऊन? नवी मशीन बसवाले येता?”

“नाई,” ती म्हणाली. “तुमच्या आईले भेटाले.”