गाण्याआधीचा श्वास

अंकुर, मोबाइल खाली ठेव. वीज येईल तेव्हा येईल. मघापासून एकच धोशा, त्या इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरला ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचा घेऊ की ट्रान्झिस्टरचा. झोपायच्या वेळी कसला वाद घालतोस बाबा! त्यापेक्षा आमच्या अकोल्याच्या अब्दुल गफ्फारचं ऐका सगळे. ॲम्प्लिफायर विकायचा धंदा त्याचा. माणूस खोटं बोलत नाही. खोटं बोलायला जो उत्साह लागतो, तोच त्याच्यात नाही.

दोन हजार चोवीसची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, शुक्रवार. जुम्म्याची नमाज आटोपून गफ्फार दोन ॲम्प्लिफायर गाडीत घालून अमरावतीपलीकडे तिवशाला निघाला. गिऱ्हाईक म्हणजे चंद्रभान, संत्र्याचा बागाईतदार. बायको सुभद्रा जाऊन वर्ष होत आलेलं. तिचं गाणं एकाच कॅसेटवर होतं. गाण्याआधी ती श्वास घ्यायची, तेवढा त्याला ऐकायचा होता. मुलाने कॅसेट मोबाइलवर उतरवली, तर खरखरीबरोबर श्वासही पुसला गेला. मग चंद्रभानने असलेच इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आणले. त्यांत भोंगा नसतो. भोकं पाडलेल्या दोन पत्र्यांमध्ये कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा. बारीकसारीक सगळं ऐकवतो, पण वरच्या सुरांना ॲम्प्लिफायरचा जीव काढतो. घरातला ॲम्प्लिफायर तिथेच दमला होता.

"लवकर पाहा गफ्फारभाई," चंद्रभान म्हणाला. झोपेवाचून डोळे सुजलेले. "कॅसेट झिजून राहिली. दर खेपेले थोडी कमी होते सुभद्रा."

आधी व्हॉल्व्हचा जोडला, जुन्या रेडिओसारखा काचेच्या नळ्यांचा. आवाज गोड आला, पण श्वास सुराच्या पोटातच विरला. मग ट्रान्झिस्टरचा, दोघांनी मिळून उचलावा असा. त्याला वरचे सूर जड गेले नाहीत. अक्षर न् अक्षर आलं. श्वासही आला... पण सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा.

"शब्द समदे आले," चंद्रभान म्हणाला. "माणूस नाई आलं."

गफ्फारला कीव आली आणि रागही आला. दुपारभर उन्हात गाडी चालवलेली. परत व्हॉल्व्हचा लावला. परत दुसरा. असं करता करता टेपमध्ये फीत गुंतली आणि काढताना तुटली, नेमकी गाण्याच्या तोंडाशी.

चंद्रभान चिडला नाही. पलंगावर बसून राहिला.

"जाऊ द्या, भाई. आता मीबी थकलो."

गफ्फारने वायरी गुंडाळल्या. स्पीकरचे प्लगही काढले. या स्पीकरांना स्वतःची वेगळी वीज लागते. ती नसेल तर ते मुकेच. दोन्ही ॲम्प्लिफायर दाराशी नेऊन ठेवले. रात्रीचे साडेबारा झाले असतील.

श्वास आला.

उजव्या स्पीकरमधून.

गफ्फार जागीच थांबला. पत्र्याच्या भोकांतून मागची भिंत दिसत होती. मागे कोणी नव्हतं.

पुन्हा. गाणं सुरू करण्याआधी घेतात तसा. छाती भरून...

गाणं आलं नाही.

"भाऊ..."

चंद्रभानने हातानेच गप्प केलं.

पुन्हा. आता जवळून.

"सुभद्रा?"

...

"एखादी वायर... राहिली का पाहू?" गफ्फारने विचारलं.

"नको," चंद्रभान म्हणाला. "आता काईच नका जोडू."

आणि तो तिथेच आडवा झाला. लगेच झोपला. किती दिवसांनी, कोण जाणे. गफ्फार ओसरीवर अल्लाचं नाव घेत बसला.

सकाळी सामान न्यायला आत गेला. चंद्रभान झोपलेलाच होता. उजव्या स्पीकरवर, बसलेल्या बाईचं तोंड येईल एवढ्या उंचीवर, वाफ धरली होती. आरशाजवळ तोंड नेलं की धरते तशी. मे महिना, आपल्याकडचा! ओला टॉवेल पिळेपर्यंत वाळतो. गफ्फार रुमालाने पुसायला गेला. पत्रा कोरडा होता. ओल आत होती, पडद्यावर, जिथे बोटसुद्धा जात नाही.

ऊन खोलीत आलं. स्पीकरवर पडलं. वाफ उडाली नाही.

थोडी वाढायची... थोडी कमी व्हायची... परत वाढायची.