राघूनं मान वळवली

चौपन्न सालची गोष्ट. विठ्ठलवाडीच्या फाटकापाशी दौलतची सायकल आदळली अन् मागचा गठ्ठा सुटला... भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या चाळीस पट्ट्या रस्ताभर. शेवंती तिथूनच आपल्या मावशीकडे निघालेली. पदर खोचून तिनं सगळ्या वेचल्या, आकडे बघून लावूनही दिल्या.

“बाई, चाळीसपासून खाली लावल्यात तुम्ही,” दौलत हसला. “माग असा चालवला तर साडीच्या काठावरचा राघू उलटीकडे बघेल.”

“म्हणजे पुठ्ठा सांगतो अन् माग ऐकतो?”

“तर. भोक असलं की दोरा वर, नसलं की खाली. मागाला एवढंच कळतं. बाकी सगळं... कुणामागून कोण, त्यात.”

झालं, शेवंती तिथंच अडकली. पट्ट्यांत का त्याच्यात, तिचं तिलाच कळेना.

दौलत कामाला होता त्या गिरणीत पट्ट्यांना भोकं ठोकायला माणूस हवंच होतं. दौलतनं शब्द टाकला. मागखात्याचे भाऊ मास्तर शेवंतीला म्हणाले, शनिवारपर्यंत चाळीस पट्ट्यांचा एक राघू स्वतः ठोकून दाखव. नाही जमलं तर रविवारी तिचा मामा तिला कऱ्हाडला घेऊन जाणार होता, कायमची. दौलतलाही ते ठाऊक होतं.

जेवणाच्या सुट्टीत दौलत शिकवायचा. पहिल्या राघूला दोन चोची आल्या.

“मेला माग, विचारत पण नाही,” शेवंती फणकारली.

“तो कशाला विचारेल? सांगणाऱ्यानं नीट सांगायचं.”

“माणसांचं बरं. न सांगता कळतं.”

“सगळ्यांना नाही कळत...” दौलत पुठ्ठ्याकडे बघत म्हणाला. “हं, आता शेवटची पट्टी पहिलीला बांधा. म्हणजे नमुना फिरत राहतो. राघूमागे राघू.”

“म्हणजे बिचाऱ्यानं जन्मभर पुढच्याची शेपटीच बघायची?”

शनिवारी माग सुरू झाला. बोटबोट कापड वर आलं. एक राघू, सुबक. मग दुसरा... अन् तो वळलेला. चोचीसमोर चोच.

मास्तरांनी चष्मा पुसला. “चाळीसच सांगितलेल्या, पोरी.”

“ऐंशी ठोकल्या. एक ते चाळीस, मग चाळीस ते एक.”

मास्तरांनी काठावरून बोट फिरवलं. “सोमवारी आठला ये,” म्हणाले अन् गेले.

दौलत कापडाकडे बघतच राहिला. “यातला मी कुठला?”

“वळायला उशीर केला, तो.”

त्याचे कान लाल झाले. “उद्या... मामांशी बोलायला येऊ?”

“या. पण आधी मी सांगते, मग तुम्ही,” शेवंती हळूच म्हणाली. “क्रम चुकवू नका.”