पाच वीसला येणारी चाकं

ही गोष्ट खरी आहे. पटली तर पटली, नाही तर सोडून द्या. पण रचलेली नाही, एवढं मी शपथेवर सांगते.

आणि ती रात्रीची नाही. चांगली दिवसाढवळ्याची आहे. गेल्या मार्चमधला मंगळवार. संध्याकाळचे पाच वाजून वीस मिनिटं. जागा, माझ्या आत्याचं टायरचं गॅरेज.

आधी आत्याला ओळखून घ्या. भुताखेतांच्या नावाने अंगारे-धुपारे करणाऱ्यांतली ती नव्हे. पंचवीस वर्षं टायर उतरवते आणि चढवते आहे. ट्रकवालेसुद्धा तिला वचकून असतात. लहानपणी मी अंधारात जायला घाबरले की म्हणायची, "ठमे, अंधाराला तुझ्याकडे बघायला वेळ आहे का?"

गॅरेज रस्त्याच्या अगदी टोकाला आहे. वळण घेतलं की शे-दीडशे पावलांवर गेट, आणि गेटच्या पुढे रस्ता संपतो. तिथे भिंतच आहे. त्या वळणावर वळलेली गाडी एक तर आत्याकडे येते, नाही तर रस्ता चुकलेली असते. गॅरेजच्या वरच्या मजल्यावर आत्याचं घर.

त्या मंगळवारी दातांचे डॉक्टर आले होते. आदल्या दिवशीच त्यांनी आत्याकडून नवी चाकं बसवून घेतली होती. कौतुक इतकं, की खिशातल्या रुमालाने चाकं पुसत होते. पण गाडीच्या डॅशबोर्डवरचा टायरच्या हवेचा पिवळा दिवा काही केल्या विझत नव्हता.

आता हे जरा समजून घ्या, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. हल्ली प्रत्येक चाकात, व्हॉल्व्हला लागून, एक सेन्सर असतो. आत हवा किती आहे ते तो गाडीला कळवतो. प्रत्येक सेन्सरचा नंबर वेगळा. चाकं बदलली की हे नवे नंबर गाडीला शिकवावे लागतात. गाडी शिकायला लावायची आणि वीसेक मिनिटं फिरवून आणायची, की झालं. उभ्या गाडीचा सेन्सर झोपलेला असतो. चाक फिरायला लागलं की तो आपणहून बोलतो.

फिरणाऱ्या चाकाशिवाय नाही.

आत्याने चारही चाकांची हवा मोजली. बत्तीस पाउंड, बरोबर. व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकून पाहिलं. एक बुडबुडा नाही. झोपलेल्या सेन्सरला बटण दाबून बोलतं करणारा स्कॅनर एकेका चाकाजवळ नेला. चारही सेन्सर ठणठणीत. मग तिने गाडीने काय शिकलंय ते उघडून पाहिलं, आणि तिला हसूच आलं. गाडीने भलतेच चार नंबर शिकून घेतले होते.

असं होतं कधी कधी. गाडी शिकत असताना शेजारून दुसरी गाडी गेली, की ती तिचेच नंबर उचलते. आत्या म्हणाली, "डॉक्टर, तुमच्या गाडीने शेजाऱ्याची कवळी घातलीय."

डॉक्टरही हसले. त्यांचा दवाखाना सहाला उघडतो, त्यामुळे ते घड्याळाकडे बघत होते. पाच अठरा झाले होते.

आत्याने ते नंबर पुसले. गाडी पुन्हा शिकायला लावली. दुसरी कुठली गाडी मध्ये येऊ नये म्हणून गेटपर्यंत जाऊन रस्ता पाहून आली. रस्ता रिकामा. हवेचा पंप बंद केला. गॅरेज एकदम गप्प झालं.

आणि मग...

तिच्या हातातला स्कॅनर वाजला.

तिने काहीच दाबलं नव्हतं.

एक... दोन... तीन... चार.

पडद्यावर चार नंबर आले. मघाशी पुसलेले तेच. हवा बत्तीस, बत्तीस, तेहतीस, बत्तीस. आणि प्रत्येकासमोर एकच शब्द : चालू. म्हणजे ही चाकं फिरत होती. आत्ता. आठ-दहा मीटरच्या आत.

दोघांनी रस्त्याकडे पाहिलं. कुणी नव्हतं. एक पानसुद्धा हललं नव्हतं.

स्कॅनर क्षणभर थांबला. जुन्या कामांच्या नोंदी तो आपोआप चाळतो, ओळखीचा नंबर सापडला की गाडीचं नाव दाखवतो. त्याने नाव दाखवलं.

'घर'.

ते नाव आत्यानेच टाइप केलेलं होतं. सहा वर्षांपूर्वी.

माझे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, सहा वर्षांपूर्वी गेले. वारले म्हणत नाही मी. गेले. कुठे, ते कुणालाच माहीत नाही. घरच्या गाडीला आत्याने त्या दुपारी नवी चाकं लावली होती. पाच वाजता आतोबा म्हणाले, "दे किल्ली. मी फिरवून आणतो. वीस मिनिटांत येतो." नंबर शिकवायला, नेहमीसारखं.

ते आले नाहीत.

ना गाडी सापडली, ना माणूस. पोलीस झाले, दवाखाने झाले, दूरदूरच्या नातेवाइकांना फोन झाले. आणि मग लोकांची तोंडं सुटली. कुणी म्हणालं, बाहेर कुणीतरी होती. कुणी म्हणालं, बायकोच्या जिभेला कंटाळले. आत्याने आधी सगळ्यांना उडवून लावलं. पण एक गोष्ट तिच्या मनातून जाईना. आतोबा जाताना नवे बूट घालून गेले होते.

वीस मिनिटांच्या फेरीला कोण नवे बूट घालतं?

त्या बुटांनी तिचा घात केला. पूर्वी ती त्यांना 'हे' म्हणायची. हे जेवले नाहीत, हे झोपलेत. मग 'तो' म्हणायला लागली. त्यांचे कपडे वाटून टाकले. सहा वर्षं तिने त्या माणसाला मनोमन आणि उघड इतक्या शिव्या घातल्या, की ऐकवत नसे. मला वाटतं, ती रागावरच उभी होती. तो पळून गेला एवढं धरून ठेवलं की तिला रोज सकाळी शटर उघडता यायचं.

आणि आता स्कॅनरवर 'घर' असं नाव आलं होतं.

डॉक्टर विचारत होते, कुणाची गाडी ही? आत्याने त्यांना खरं ते सांगून टाकलं. माणूस भला. त्यांनी चेष्टा केली नाही. फक्त एवढंच म्हणाले, की सेन्सर आहे तर गाडीही इथेच कुठेतरी असणार. म्हणजे तुमचे मिस्टर याच गावात आहेत.

आत्या म्हणाली, "असला, तर माझ्या दारासमोर फिरतो, आणि थांबत नाही."

दुसऱ्या दिवशी पाच वीसला स्कॅनर वाजला. तिसऱ्या दिवशीही. रस्ता रिकामाच. आवाज नाही, धूळ नाही. फक्त चार आकडे, आणि चालू, चालू, चालू, चालू.

मग आत्याचं डोकं चाललं. भीती तिला जमत नाही, दुरुस्ती जमते. तिला एकच गोष्ट हवी होती. ही चाकं जातात की येतात? दारासमोरून निघून जातात, की दाराकडे येतात? सहा वर्षं ती जे धरून बसली होती ते खरं की खोटं, ते यावरच ठरणार होतं.

स्पेअर पार्टवाल्याकडून तिने दुसरा स्कॅनर मागून आणला आणि डॉक्टरांना वळणावर उभं केलं. स्वतः गेटमध्ये. दोघांचे फोन चालू. ज्याचा स्कॅनर आधी वाजेल, तिथून गाडी आधी गेली. साधं गणित.

पाच एकोणीस... काही नाही.

पाच वीस...

फोनवर डॉक्टरांचा आवाज आला. एकदम बारीक झालेला. "आले. चारही आले. बाई, माझ्यासमोर काही नाहीये हो."

आत्याचा स्कॅनर गप्प होता.

ती फोन कानाला लावून पडद्याकडे बघत राहिली.

मग तिच्या हातात तो वाजला. एक... दोन... तीन... चार.

वळण आधी. गेट नंतर.

एका दिवसाने काय सिद्ध होतं, म्हणून त्यांनी हे चार दिवस केलं. चारही दिवस तसंच. वळण आधी, गेट नंतर. सहा वर्षं, रोज, ठरल्या वेळेला, चाकं घराकडे येत होती.

चौथ्या दिवशी आत्या जुन्या टायरांच्या थप्पीवर बसली आणि रडली. मी तिला उभ्या जन्मात रडताना पाहिलेलं नाही; ती रडली हे मला नंतर डॉक्टरांनीच सांगितलं. रडता रडता ती त्यांना म्हणाली, "जुन्या बुटांचा तळ सुटला होता हो. मीच चिकटवून वाळत टाकले होते. दुसरे बूटच नव्हते घालायला. सहा वर्षं मला हे आठवलंच नाही."

मग म्हणाली, "हे परत येत होते."

डॉक्टर त्यानंतर तिकडे फिरकले नाहीत. दिव्याचं काम त्यांनी दुसरीकडे करून घेतलं. मी त्यांना दोष देत नाही.

मला हे सगळं कळलं एप्रिलमध्ये, मी आत्याकडे गेले तेव्हा. मी गाडी आत घेतली आणि दारालगतच्या पहिल्या जागेत लावायला लागले, तर ती आतून धावत आली. "तिथे नको. मागे लाव." ती जागा मोकळी आणि स्वच्छ झाडलेली होती. इतक्या वर्षांचे तेलाचे डागही घासून काढलेले.

आत्या बदलली होती. चेहरा निवळला होता. शिव्या बंद, 'हे' पुन्हा सुरू. हे असं म्हणायचे, ह्यांना तसं आवडायचं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी तिने गिऱ्हाइकांना पिटाळलं, पंप बंद केला आणि स्कॅनर माझ्या हातात दिला.

पाच वीसला तो वाजला. मी स्वतः पाहिलं. चार आकडे... चालू.

आणि मग, माझ्या डोळ्यांसमोर, एकेक करून शब्द बदलला.

उभी. उभी. उभी. उभी.

मी पहिल्या जागेकडे पाहिलं. रिकामी. झाडलेली फरशी, भिंतीवर टांगलेले पाने.

पण तिथून आवाज येत होता...

टक... टक... टक...

गाडी लांबून येऊन बंद झाली की इंजिन गार होताना जसं वाजतं, तसा.

मी आत्याला हळूच विचारलं, की ही चाकं परत बाहेर कधी जातात? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काही खुळचट विचारलं होतं.

"घरी आलेला माणूस परत कशाला जाईल?"

टक... टक...

"येतात," ती म्हणाली, "पण उतरत नाहीत. महिना झाला, मी रोज इथे उभी राहते. दार वाजेल म्हणून वाट बघते. मी काय काय बोलले सहा वर्षं, ते सगळं ऐकलं असणार त्यांनी. माझ्यावर रागावलेत." मग तिने माझा हात धरला. तिचे हात कायम ग्रीसचे आणि गरम असतात. त्या दिवशी गार होते. "तू सांग ना त्यांना. तुझं ऐकायचे ते. सायकल शिकवताना तू नुसतं थांबा म्हटलंस की थांबायचे."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण ती माझी आत्या आहे. तिने कधी कुणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही.

मी त्या रिकाम्या जागेसमोर उभी राहिले.

म्हटलं, "आतोबा, उतरा आता."

आवाज थांबला.

एकदम. मध्येच.

मग काही झालं नाही. दार वाजलं नाही, पाऊल वाजलं नाही. आम्ही कितीतरी वेळ तशाच उभ्या होतो. शेवटी आत्याने शटर ओढलं आणि आम्ही वर गेलो. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले, कामाचं निमित्त सांगून.

तेव्हापासून पाच वीसला स्कॅनर वाजलेला नाही. आत्यानेच फोनवर सांगितलं. मला वाटलं, आता ती खचेल. पण तिचा आवाज छान होता. नेहमीचं विचारलं, कशी आहेस?

"आम्ही बरे आहोत," ती म्हणाली. "तू ये की एकदा."

चार महिने झाले. मी गेलेले नाही. उतरा म्हणणारी मीच होते, आणि कोण उतरलं ते मला बघायचं नाही.