पाहुण्यांसाठी चिठ्ठी

“हे तुमच्यापाशीच राहू दे, सिस्टर... उशीच्या अभ्र्यात सापडलं. मला काही सोबत नेववेना!” एवढं बोलून पाहुण्या आजींनी वहीच्या कागदाची घडी तिच्या हातात कोंबली आणि नवऱ्याला आज घरी सोडणार म्हणून लगबगीनं इस्पितळाकडे निघून गेल्या.

ती त्याच इस्पितळात नर्स होती. लांबून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक जिन्याखाली, बाकांखाली अंग मुडपून पडलेले तिला रोज दिसत, आणि दोन वर्षांपूर्वी भरल्या डोळ्यांनी प्रार्थना करताना तिनं प्रभूला शब्द दिला होता, की माझ्या घरातली एक खाट तुझी! तेव्हापासून चौदा अनोळखी माणसं त्या खाटेवर झोपून गेली होती. चर्चच्या मंडळीत तिचं कौतुक होई; मान खाली घालून ती ऐके, पण आत कुठेतरी गोड वाटेच... खोटं कशाला बोला!

खाट लेकीची होती. आठ वर्षांची चिमणी पाहुणे असले की स्वयंपाकघरात सतरंजीवर झोपे.

तिनं घडी उलगडली. पेन्सिलीनं लिहिलं होतं :

“पाहुण्यांना नमस्कार. पायाकडची फळी करकरते, ते भूत नाही. भिंतीवर हात हलतो तो बाहेरच्या झाडाचा आहे. तरी भीती वाटली तर शंभरपर्यंत मोजा. मी पण खाली मोजते. पण मध्येच फ्रिज गुरगुरतो, मग परत एकपासून मोजावं लागतं. हे आईला सांगू नका. तिला वाईट वाटेल, मग देवाला पण वाटेल.”

गेल्याच आठवड्यात शाळेतल्या बाईंनी बोलावून सांगितलं होतं, पोर वर्गात झोपते म्हणून, आणि हिनं घरी येऊन “टीव्ही बघत जागतेस ना!” म्हणत टीव्ही महिनाभर बंद केला होता. चिमणी एक अक्षर बोलली नव्हती... एक अक्षर!

नवऱ्यानं मागून चिठ्ठी वाचली. एरवी “सिस्टर, खाट देवाची झाली, आता नवऱ्याची उशी कधी?” असं चिडवणारा तो आज चिठ्ठी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत राहिला.

“बोला ना काहीतरी!”

“काय बोलू? मला तरी कुठे दिसलं? मी मस्त घोरत होतो, आपल्या गादीवर.”

आपल्या गादीवर! वधस्तंभ आपला आपण उचलायचा, हे तिनं किती जणांना सांगितलं होतं... आणि स्वतःचा मात्र अलगद लेकराच्या खांद्यावर ठेवून ती हात जोडून मोकळी झाली होती!

दुपारी पाळकसाहेबांचा फोन आला. “ताई, एक माउली आहे, मुलगा अत्यवस्थ आहे तिचा. पण तुम्हाला जमत नसेल तर...”

‘नाही’ अगदी ओठांवर आलं. जिन्याखालची जागा डोळ्यांपुढे आली, आणि स्वयंपाकघरातली सतरंजीही.

“येऊ द्या,” ती म्हणाली.

चिमणी शाळेतून आली तेव्हा आईबाबा आपली जुनी गादी स्वयंपाकघरात ओढत होते.

“आई, हे काय गं?”

“आजपासून पाहुणे आमच्या खाटेवर. तुझी खाट तुझी.” तिनं चिठ्ठी दाखवली आणि लेकीला छातीशी कवटाळलं. “माझं चुकलं गं राणी... मी तुला कधी विचारलंच नाही!”

“विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं,” चिमणी साधेपणानं म्हणाली.

त्या एका वाक्यानं तिचा बांध फुटला.

चिमणीनं मात्र दप्तरातून पेन्सिल काढली. “मग नवी चिठ्ठी हवी. तुमच्या खाटेवर कशाची भीती वाटते?”

“तुझ्या आईच्या लाथांची!” बाबा म्हणाले, आणि रडता रडता ती हसली.

निजानीज झाली. जुन्या गादीतूनही पाठीला फरशी टोचत होती. पलीकडच्या खोलीत ती माउली दबक्या आवाजात प्रार्थना करत होती. इकडे स्वयंपाकघरात तिनं डोळे मिटून पुटपुटत मोजायला सुरुवात केली. चाळिसाच्या आसपास फ्रिज असा गुरगुरला, की ती दचकून उठून बसली.

आतून झोपाळू आवाज आला :

“आई... परत एकपासून!”