तारेतला नवरा

तक्रारीच्या फॉर्मवर मेलेल्या माणसासाठी रकाना नव्हता. म्हणून कारकुनाने ‘लाइनवर खरखर’ इथे खूण केली आणि कागद पक्कडबाईच्या हातात दिला.

पक्कडबाई म्हणजे टेलिफोनच्या तारा जोडणारी. डावखुरी. तिच्याबद्दल सांगतात, की एकदा वादळात खांबावर अडकली, तर तिथेच तारेला डबा टांगून जेवली. तारेचं ठाऊक नाही, पण डबा चार पुडाचा होता एवढं नक्की.

शुक्रवारी दुपारी साडेतीनला तिने दार वाजवलं. दाराशी भरलेली बॅग होती. तक्रार करणाऱ्या काकू खुर्चीत बसून लिंबाच्या फोडीने शर्टाची बाही घासत होत्या.

“कुठे गावाला निघालात का काकू?”

“वेड्यांच्या दवाखान्यात. उद्या सकाळी गाडी येणार आहे. मुलाने सगळं ठरवलंय.” काकूंनी बाही उजेडात धरली. “नोंदणी कचेरीत दिवसभर शिक्के मारतो, आणि शाई मी काढते. उद्यापासून त्याचं तो बघेल.”

“झालंय काय?”

“फोनवर हे येतात.”

“हे म्हणजे?”

“अगं, हे म्हणजे हेच! माझा नवरा. आठ महिने झाले जाऊन.”

पक्कडबाईने भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहिलं. घड्याळजी. एका डोळ्याला भिंग लावूनच फोटो काढून घेतला होता. ते भिंग तिच्याकडेच रोखलेलं होतं. तिने खुर्ची जरा सरकवली. भिंगही सरकल्यासारखं वाटलं.

“कधीपासून येतात?”

“दोन महिने. नेट बसवलं त्याच आठवड्यापासून.”

“रोज?”

“चार वाजता. आधी फोन टिंग करतो, एकदाच, कुणी टिचकी मारल्यासारखा. नेटचा दिवा विझतो. उचलला की आवाज. रविवारी नाही येत.”

“आणि एरवी कधी चुकले?”

“या मंगळवारी. मुलाने मला डॉक्टरकडे न्यायला रजा घेतली होती. चारला आम्ही घरीच होतो, तो माझ्या शेजारीच बसलेला. काही नाही आलं! म्हणाला, बघ, कुठे आहेत बाबा? आणि दवाखान्याच्या फॉर्मवर सही केली.”

“काय म्हणतात हो ते?”

काकूंनी पदर सावरला. “ते मी मुलालाही नाही सांगितलं. नवराबायकोतलं बोलणं पोराला कशाला? चार वाजतायत, तूच ऐक.”

टिंग.

एकदाच. कोपऱ्यातला हिरवा दिवा विझला. पक्कडबाईने रिसीव्हर कानाला लावला. आत खोल, विहिरीतून यावा तसा पुरुषाचा आवाज. “...जरा बाहेर गेलोय. येतोच.”

तिने रिसीव्हर कानाला आणखी घट्ट दाबला.

मग आवाज थांबला आणि श्वास सुरू झाला. हळू, ओला श्वास. त्यामागे कुठेतरी ठक. ठक-ठक.

“दार ठोकतात,” काकू कुजबुजल्या. “आत घ्या म्हणून. आता मी दार उघडायचं, की दवाखान्यात जायचं?”

खट्. लाइन शांत. दिवा पुन्हा हिरवा.

पक्कडबाई उठली, पाणी प्यायली, तांब्या रिकामा केला. “काकू, घड्याळजींच्या दुकानात फोन होता?”

“आहे की, कोपऱ्यावरच्या दुकानात. मी कधी लावला नाही त्याला. जेवायला बोलवायचं तर खिडकीतून हाक मारायची. मुलगा म्हणतो फोन बंद करायचाय, पण त्याला वेळच होत नाही.”

“किल्ली द्या.”

आधी ती गल्लीतल्या तारांच्या पेटीकडे गेली. झाकण काढलं. नव्या सांध्यात शेकडो तारा. तिने काकूंची जोडी शोधली, दुकानाची शोधली, आणि जमिनीवरच बसली. तारांचे पीळ उलटे होते. डावखुऱ्या हाताचे.

मग दुकान. सगळी घड्याळं थांबलेली, प्रत्येक वेगळ्या वेळेला. टेबलावर धूळ होती. धुळीत एकच लाल दिवा उघडझाप करत होता.

मुलगा सहाला घरी आला. उंच, थकलेला. हातात दवाखान्याचे कागद.

“दुरुस्त झालं का हो?”

“अजून नाही. आधी बसा. दोन गुन्हेगार आहेत, एक समोर हवा होता.”

“म्हणजे?”

“पहिली मी. एका लाइनच्या दोन तारा वेणीसारख्या पिळलेल्या असतात. शेजारच्या लाइनचा आवाज दोघींवर सारखाच पडतो, म्हणून मिटून जातो, आपल्याला ऐकू येत नाही. नेट बसवताना मी तुमच्या जोडीतली एक तार आणि दुकानाच्या जोडीतली एक तार यांची अदलाबदल केली. वेणी फुटली. यंत्राने मोजलं तर लाइन चालू दिसते, म्हणून मी झाकण लावून निघून गेले. तेव्हापासून दुकानाचा फोन वाजला की इथे टिंग होतं, नेट मरतं, आणि तिथलं बोलणं इथे झिरपतं.”

“बंद दुकानात बोलणार कोण?”

“निरोप घेणारं यंत्र. घड्याळजींनी आपल्या आवाजात भरून ठेवलंय: मी जरा बाहेर गेलोय, येतोच, निरोप ठेवा.”

काकूंच्या हातातला शर्ट खाली पडला.

पक्कडबाईने त्याच्याकडे पाहिलं. “यंत्र आपण होऊन बोलत नाही. कुणीतरी फोन लावावा लागतो. रोज चारला. रविवारी नाही, कारण कचेरी बंद. मंगळवारी नाही, कारण तुम्ही आईजवळ बसलेले. टेप ऐकली मी. निरोप एकही नाही, नुसते श्वास. आणि मागे दार ठोकल्यासारखं काहीतरी. दार नाही ते, शिक्के आहेत. कचेरीतले.”

त्याने कागद गुडघ्यांवर ठेवले. बराच वेळ त्यांच्या कडा जुळवत बसला.

“चहाच्या सुट्टीत लावायचो,” तो शेवटी म्हणाला. “येतोच म्हणतात ना, तेवढंच ऐकायला. निरोप काय ठेवणार? मला काय माहीत इथे ऐकू जातंय! आई, तू शब्द सांगितले असतेस तर मी लगेच ओळखलं असतं.”

“मी सांगायचं? आणि तू का नाही बोललास, मेल्या?”

“तू रडशील म्हणून.”

“रडू नये म्हणून वेडी ठरवलंस? ते चाललं तुला?”



मुलगा उठला. फोनपाशी गेला. दुकानाचा नंबर लावेल म्हणून काकू खुर्चीच्या टोकावर आल्या, पण त्याने फिरवला तो दवाखान्याचा नंबर होता.

“हॅलो. उद्या सकाळची गाडी... हो, आईसाठी सांगितली होती. ती नाही येणार. नाही, नाही, ती अगदी ठणठणीत आहे.” त्याने डोळे पुसले. “वेळ रद्द करू नका. मीच येतो.”